बरं होण्याआधीची उपकारस्तुती

आजारी माणसाच्या उशाशी बसून प्रार्थना करण्याचं काम मी चौतीस वर्षं पगार घेऊन केलं. 'पगार घेऊन' हे शब्द आमच्या चर्चच्या पंचांना टोचतील. पण मी आता निवृत्त आहे, टोचू देत. चर्चचा पाळक म्हणून मी लग्नं लावली, बाळांचे बाप्तिस्मे केले, दर रविवारी उपदेश दिला. त्यातलं लोकांच्या फारसं काही लक्षात राहिलेलं नाही, माझ्याही नाही. आज कोल्हापुरात बाजारात कुणी सलाम केला तर ओळख निघते ती दवाखान्याची. 'आमच्या आईच्या वेळी तुम्ही आला होता.' निम्म्या जणांची ती आई त्याच आजारात गेलेली असते, तरी माणसं सलाम करतात. लोक फार चांगले असतात, हे मी उपहासानं लिहीत नाही.

ज्यांचा चर्चशी संबंध नाही त्यांना वाटतं, आम्ही आजाऱ्यासाठी काहीतरी गूढ करत असणार. तसं काही नाही. घरातलं माणूस गंभीर झालं की पाळकाला फोन जातो. तो येतो, खाटेजवळ बसतो आणि देवाशी मोठ्यानं बोलतो. बाकीचे डोळे मिटून ऐकतात आणि शेवटी आमेन म्हणतात. अंगारा नाही, दोरा नाही, हातात द्यायला काहीच नाही. सगळी भिस्त बोलण्यावर.

या बोलण्याचीही एक रीत असते. ती मला निम्मी माझ्या बायकोनं शिकवली. सुमन स्टाफ नर्स होती. नवा नवा पाळक झालो तेव्हा तिच्याच वॉर्डात एका आजोबांसाठी मी प्रार्थना केली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अहो, त्या माणसाला लघवीला जायचं होतं आणि तुम्ही अब्राहामापासून सुरुवात केलीत." त्यानंतर माझी प्रार्थना दोन मिनिटांवर आली. आधी सिस्टरला विचारायचं. उभं राहायचं नाही, स्टूल ओढून बसायचं, म्हणजे आजाऱ्याला मान वर करावी लागत नाही. डोक्यावर हात ठेवला तर त्याचा भार टाकायचा नाही. नाव घ्यायचं ते घरात हाक मारतात ते, आधार कार्डावरचं नाही. आणि 'कसं वाटतंय?' हे चुकूनही विचारायचं नाही, कारण माणूस खरं सांगायला लागतो.

गिऱ्हाइकंही नाना प्रकारची भेटली. एकदा आयसीयूच्या बाहेर आमच्या चर्चच्या एका बाईंसाठी प्रार्थना करून उठतोय, तोवर बाकाच्या दुसऱ्या टोकाचा म्हातारा जवळ सरकला. शाहूवाडीकडचा शेतकरी होता, त्याची बायको आत होती.

"पावणं, आता डोळं झाकून म्हणत हुतासा, त्ये आमच्या म्हातारीसाठी बी म्हणा की."

मी म्हटलं, "आजोबा, मी ख्रिस्ती आहे."

"आसंना का. तुमचा देव मराठी बोलतोय न्हवं?"

म्हटली प्रार्थना. आमेन झालं तरी म्हातारा डोळे मिटूनच होता. मग एक डोळा उघडून म्हणाला, "संपली व्हय? लई बारकी म्हटलीसा. त्या बाईंची मोठी हुती की." मी परत बसलो आणि त्याच्या म्हातारीसाठी सुमनचे सगळे नियम मोडून दहा मिनिटं प्रार्थना केली.

आमच्या लोकांची तऱ्हा निराळी. खाटेभोवती घरचे एकेक करून प्रार्थना करतात तेव्हा बऱ्याचदा देवाला मध्ये घालून भांडण चालतं. धाकटी लेक म्हणते, "प्रभू, थोरल्या वहिनीला आईची सेवा करायची बुद्धी दे." वहिनी काय ऐकून घेते! ती म्हणते, "प्रभू, जे पुण्याहून फक्त सुट्टीला येतात त्यांचा प्रवास सुखाचा कर." सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि म्हातारी एकटी डोळे उघडे ठेवून पंख्याकडं बघतेय. हे मी इतक्यांदा पाहिलं की पुढं पुढं मला हसू आवरायचं नाही.

इथवरचं हसण्यावारी न्यावं. पुढचं मी बारा वर्षं सुमनखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्या प्रार्थनेत एक वाक्य असतं. बरं कर, वाचव, असं सगळं मागून झालं की शेवटी म्हणायचं, 'तुझी इच्छा असेल तर.' मागायचं, पण हुकूम सोडायचा नाही, असा त्याचा अर्थ. पाळकालाही ते सोयीचं पडतं, हे कबूल करतो. माणूस वाचला तर देवानं ऐकलं, गेला तर देवाची इच्छा नव्हती, आपण दोन्हीकडून मोकळे. आणि माणूस बरा झाला की मग घरी उपकारस्तुती ठेवतात. नातेवाईक, चर्चची माणसं, शेजारीपाजारी येतात, गाणी म्हणतात, पाळक देवाचे आभार मानतो, आणि पोटभर जेवण होतं. आधी बरं होणं आणि मग उपकारस्तुती, हा क्रम माझ्या आज्यापासून कुणी बदललेला नव्हता.

तो बदलला बायपासजवळच्या एका हॉलमधल्या ब्रदरनं. तिथं नवी संगती, म्हणजे वेगळी प्रार्थनामंडळी सुरू झाली होती, आणि तिचा उपदेशक हा ब्रदर. मोठाले स्पीकर, कीबोर्ड, आणि आजाऱ्यांसाठी दर बुधवारी खास सभा. ब्रदरचं म्हणणं असं की 'तुझी इच्छा असेल तर' म्हणणं हा संशय आहे. मागा, आणि त्याच घडीला मिळालं म्हणून उपकार माना, मग देवाला द्यावंच लागतं. मूल व्हायच्या आधी बारसं जेवून घ्यायचा प्रकार. मी रविवारी त्यावर दोनदा टीका केली. त्याचा परिणाम म्हणजे आमची चार घरं तिकडं गेली.

सुधाकर आमच्या चर्चचा. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत फोरमन होता, पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. दिवसाला पाणी एक लिटर, त्यातच चहा, आमटी सगळं धरायचं. सकाळी तो एक बाटली भरून ठेवायचा आणि दिवसभर तिच्याकडं बघत बसायचा. त्याची बायको मार्था शाळेत शिक्षिका, आणि एकुलती एक मुलगी करुणा, सात वर्षांची.

वर्षभर दर शुक्रवारी मी त्याच्या डायलिसिसला जाऊन बसलो. चार तास मशीनला जोडलेला माणूस काय करणार, बोलत राहायचा. भट्टीतलं लोखंड रंगावरून कसं ओळखायचं ते मला त्यानंच सांगितलं. एकदा म्हणाला, "पाळकसाहेब, सगळ्यात वंगाळ काय हाय ठाव हाय? रात्री सपनात मी तांब्याच्या तांब्या पानी पितोय." तो मला आवडायचा. चर्चमध्ये पाळकाला मित्र करायची सोय नसते, त्यामुळं हे मी कधी कुणाला म्हटलं नाही.

मार्था हॉलमधल्या बुधवारच्या सभेला जाते, हे मला आधी कळलं आणि मग दिसलं. एका शुक्रवारी मी प्रार्थनेला डोळे मिटणार, तोच ती म्हणाली, "पाळकसाहेब, ते 'तुझी इच्छा असेल तर' आता म्हणू नका. त्याची इच्छा काय आहे ते आम्हाला कळलंय."

मी म्हटलं नाही. ते वाक्य गाळलं. मनात म्हटलं, एका वाक्यावरून पाचवं घर जायला नको.

पुढच्या आठवड्यात निरोप आला की शनिवारी घरी उपकारस्तुती आहे, ती तुम्हीच चालवायची. मी फोनवर विचारलं, "रिपोर्ट चांगले आले का?" मार्था म्हणाली, "देवानं बरं केलंय." विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, हे मला कळलं. पंच म्हणाले, जावा, तुम्ही नाही गेलात तर तो ब्रदर येऊन चालवील. त्या शुक्रवारी मला कामासाठी बाहेरगावी जावं लागलं, आणि खरं सांगायचं तर डायलिसिसला जावं लागलं नाही याचं बरंच वाटलं.

शनिवारी दारात मांडव होता. साठेक माणसं बसलेली. फौंड्रीतले मित्र होते, शेजारचे होते, ब्रदरही पहिल्या रांगेत होते. मटणाच्या पुलावाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. हात धुवायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. मार्था पांढऱ्या रश्श्याची चव बघत होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, "काल डायलिसिस नीट झालं?"

"गेलोच नाही," ती म्हणाली. "कालपासून बंद केलंय. बरं झालोय म्हणायचं आणि परत मशीनला जाऊन पडायचं, ह्याला काय विश्वास म्हणत्यात?"

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. वर्षभरात मी तिला इतकं शांत पाहिलं नव्हतं. बाहेर लोकांनी गाणं सुरू केलं होतं, आणि ते संपलं की माझी पाळी होती. त्या वेळी मला नक्की ठाऊक होतं की हे चुकतंय, की हा माणूस यानं मरेल. त्याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. मी बाहेर जाऊन माईकवर म्हणायला हवं होतं की जेवा आणि घरी जा, आज उपकारस्तुती नाही, मी सुधाकरला दवाखान्यात घेऊन चाललोय. साठ माणसांचा राग आला असता. पाचवं घर गेलं असतं, कदाचित माझी नोकरीही.

मी मार्थाला म्हटलं, "आपण नंतर बोलू."

आणि बाहेर येऊन मी देवाचे आभार मानले. चांगली पंधरा मिनिटं मानले. ब्रदरनं मधूनमधून हालेलुया म्हणून साथ दिली. आमेन झाल्यावर सुधाकर उठला, कुणीतरी पाण्यानं भरलेला तांब्या त्याच्या हातात दिला, आणि तो एका दमात तोंड वर करून सगळा प्याला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. करुणाही वाजवत होती. मग पंगत बसली आणि मी जेवलो. रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला.

सुमनची त्या दिवशी ड्युटी होती, म्हणून ती आली नव्हती. संध्याकाळी तिला सांगितलं. ती युनिफॉर्म बदलत होती, तशीच थांबली. म्हणाली, "आठ दिवस. फार तर दहा. छातीत पाणी होईल." मग विचारलं, "तुम्ही काय केलंत?" मी सांगितलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, पण त्या दिवशी ज्या नजरेनं तिनं माझ्याकडं बघितलं तसं आधी कधी बघितलं नव्हतं. म्हणाली, "उद्या चर्च सुटलं की जाऊ."

रविवारी दुपारी आम्ही दोघं गेलो. सुधाकरचा चेहरा सुजला होता, पण तो आनंदात होता. सुमननं त्याला हात जोडून सांगितलं, आकडे सांगितले, रागावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून म्हणाला,

"पाळकसाहेब, काल साठ मान्सासमोर तुमीच उपकार मानलासा. आता जाऊन सुई टोचून घेतली तर कालचं समदं खोटं झालं की. मी देवाला खोटं कसं पाडू? आनि तुमाला बी?"

मला म्हणता आलं असतं की सुधाकर, काल मी खोटंच बोललो. एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "देव डॉक्टरांच्या हातूनही काम करतो." असली वाक्यं आम्हाला शेकड्यानं पाठ असतात. तो हसला.

सोमवारी गेलो, बुधवारी गेलो. तेच. पुढच्या सोमवारी त्याला धाप लागली तेव्हा फौंड्रीतले मित्र मार्थाला न विचारता त्याला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. फार उशीर झाला होता. मंगळवारी सकाळी तो गेला. मंगळवार हा त्याचा डायलिसिसचा वार.

अंत्यविधी मीच चालवला. घरातून शवपेटी निघायच्या आधी ब्रदर मार्थाजवळ आले आणि माझ्यासमोर तिला म्हणाले, "ताई, देव तयार होता. घरात कुठंतरी विश्वास कमी पडला." मार्थानं माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलावं म्हणून बघत होती. मी झगा घालून, पुस्तक हातात घेऊन उभा होतो. म्हणालो, "देवाची इच्छा, मार्थाबाई." जिथं ते वाक्य त्याचा जीव वाचवू शकलं असतं तिथं मी ते गाळलं, आणि जिथं माझी कातडी वाचवायची होती तिथं बरोबर काढलं.

त्या उन्हाळ्यात माझी बदली चंदगडकडच्या छोट्या चर्चवर झाली. सुटलो, असंच वाटलं. तिथंही लोक आजारी पडले, तिथंही मी एसटीनं वाड्यावस्त्यांवर जाऊन प्रार्थना केल्या, आणि 'तुझी इच्छा असेल तर' परत कधी गाळलं नाही. उपकारस्तुतीला बोलावलं की आधी रिपोर्ट बघायला मागायचो. लोक मला हसायचे. म्हणायचे, पाळक आहे की डॉक्टर.

निवृत्त होऊन कोल्हापूरला आलो तेव्हा सुमननं एक गोष्ट सांगितली. चर्चच्या महिला मंडळात सगळ्या बायका पाळीपाळीनं प्रार्थना करतात, मार्थाची पाळी आली की ती मान हलवते आणि पुढची बाई सुरू करते. बारा वर्षं तिनं चारचौघांत तोंड उघडून प्रार्थना केलेली नाही. बायकांना वाटतं, नवरा गेल्यापासून ती देवावर रुसली आहे. मलाही तेच वाटलं. खरं म्हणजे मी तसं वाटून घेतलं.

या पावसाळ्यात करुणाला डेंग्यू झाला. आता ती एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात शिकते. पोरगी पुढं बरी झाली, हे आधीच सांगतो, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. पण त्या दिवशी तिच्या प्लेटलेट घसरत होत्या आणि डॉक्टर नीट काही सांगत नव्हते. कुणाचा तरी फोन आला म्हणून मी दवाखान्यात गेलो. मार्था खोलीच्या बाहेर बाकावर बसली होती. केस पांढरे झालेले. मला बघून ती उठली आणि म्हणाली, "बरं झालं आलासा. आत चला. तिच्यासाठी प्रार्थना करा."

मी म्हटलं, "करू. आपण दोघं करू. तुम्हीही करा, तुम्ही आई आहात."

"माझ्या तोंडून नको," ती म्हणाली.

"का?"

"सुधाकरच्या वेळी माझाच विश्वास कमी पडला. आता हिच्यासाठी मी मागायचं, आणि परत कमी पडला तर? मी हिचं नाव देवापुढं घेतच नाही, पाळकसाहेब. लहानपणी ताप आला तरी शेजारच्या बाईला सांगायची, तुम्ही करा."

बारा वर्षं ती रुसली नव्हती, घाबरली होती. स्वतःच्या पोरीसाठी देवाकडं मागायला तिला भीती वाटत होती, आणि ती भीती तिच्या मनात राहू दिली होती मी.

मी बाकावर बसलो आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "मार्थाबाई, विश्वासाचा प्रश्नच नव्हता. डायलिसिस बंद केलं म्हणून सुधाकर गेला. आणि तुम्ही स्वयंपाकघरात मला सांगितलंत त्याच वेळी मला ते ठाऊक होतं. त्या मांडवात विश्वास नसलेला एकच माणूस होता, आणि तो माईकवर होता."

ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुम्हाला ठाऊक हुतं."

"हो."

"आनि तुम्ही उपकार मानलासा."

"हो."

"आनि मग जेवायला बसलासा."

मी मान हलवली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोसायला सोपं गेलं असतं. आतून सिस्टर बाहेर आली, म्हणाली, नातेवाइकांपैकी एकानं आत यायला हरकत नाही. मी सवयीनं उठलो. इतकी वर्षं सिस्टर असं म्हणाली की उठायचं ते मीच.

मार्थानं पदर खोचला आणि माझ्या पुढं होऊन दाराला हात घातला.

"तुम्ही बाहेरच थांबा," ती म्हणाली. "माझ्या पोरीसाठी मी मागते."